वाफेकडची खोली

नवऱ्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि "हे बघ" म्हणाला, तेव्हा तिच्या तोंडात चहाचा घोट होता. तो तिथेच अडला. पडद्यावर एक बेट होतं. समुद्रातून एकदम ताठ उभा राहिलेला काळा डोंगर, माथ्यावर ढगाचं मळकं फडकं. चित्र हलतं होतं. ते हळूहळू वर चढत गेलं आणि माथ्यावरचं भोक जवळ आलं. कडेला पिवळट खरपुडी, आत ओलं तांबडं काहीतरी, आणि मधूनच आतून एक फुसकारा. तांबडं आकसायचं, सैल पडायचं, पुन्हा आकसायचं. ज्वालामुखीचा डोंगर आहे, दगड आहे, तिला कळत होतं. पण डोळ्यांपुढे उभं राहिलं ते नवऱ्याचं पोट. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून ठेवलं होतं, बेंबीच्या शेजारी, आणि त्यावर पिशवी. मळ त्या पिशवीत यायचा. आता जन्मभर तो तिथूनच यायचा होता. इस्पितळात सिस्टरनं शिकवायला म्हणून चादर बाजूला केली तेव्हा तिनं ते एकदाच पाहिलं होतं, तांबडं, ओलं, आणि देवा रे, हलणारं. तिनं मान फिरवली होती आणि भिंतीवरचं हात धुण्याचं सूचनापत्रक मन लावून वाचलं होतं. आता तिनं चहा कसाबसा गिळला. तो तिला कोमट थुंकीसारखा लागला.

"कसं आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "उंच आहे."

"उंच आहे म्हणजे काय गं! डोंगर उंच असायचाच. मी विचारतोय, जायचं का?"

त्याचा आवाज शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरासारखा होता. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच तो कशाच्या तरी मागे लागला होता. जेवताना बेट, दाढी करताना बेट. तिथे म्हणे काळी वाळू आहे, जमिनीतून कढत पाणी वर येतं, आणि एका गावात तर घराच्या परसातल्या दगडावर हात ठेवला तर चटका बसतो. डॉक्टर म्हणाले, जा की, पिशवी घेऊन लोक पोहतात, डोंगर चढतात, लग्नं करतात. 'लग्न झालंय माझं,' असं तो डॉक्टरांना म्हणाला होता आणि दोघंही मोठ्यानं हसले होते. हसताना शर्टाच्या आत पिशवीचं प्लास्टिक चुरचुरलं होतं. डॉक्टरांना ते ऐकू आलं नसेल. तिला आलं होतं. तिला आता सगळं ऐकू यायचं, आणि त्याहून जास्त सगळ्याचा वास यायचा.

आता किळस ही चीज तरी कशी आहे पाहा. परमेश्वरानं माणूस घडवताना डोळ्यांना झाकण दिलं, तोंडाला दिलं, नाकाला द्यायचं तेवढं राहून गेलं. बघायचं नसेल तर मान फिरवता येते, बोलायचं नसेल तर ओठ मिटता येतात. पण श्वास घेतल्यावाचून माणूस किती वेळ बसणार? आणि वास एकटा कधी येत नाही. येताना तो सोबत सगळं गणगोत घेऊन येतो. नवऱ्याचा तो वास, त्यावर त्यानं मारलेला फुलांच्या अत्तराचा फवारा, त्या फवाऱ्याखालून पुन्हा डोकं वर काढणारा तोच वास, आणि या सगळ्यावर त्याचा तो अवघडलेला प्रश्न, "येतोय का गं?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "छे! कसला?" इतक्या गोडीनं म्हणायची की स्वतःच्या आवाजाचीच तिला शिसारी यायची. मग ती काहीतरी आणायच्या निमित्तानं गॅलरीत जायची आणि पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास घ्यायची. झोपायला ती आता दिवाणखान्यातल्या दिवाणावर असायची. "तुमची झोप मोडायला नको," असं ती म्हणाली होती. "बरोबर आहे," असं तो म्हणाला होता. किती समजूतदार माणसं! समजूतदारपणाचा असा बुळबुळीत थर त्या घरात साचला होता की पाय घसरावा.

आणि गंमत अशी, की किळस हा तिचा प्रांतच नव्हता. गावातल्या कानाच्या दवाखान्यात ती साचे घ्यायची. ज्याला कमी ऐकू येतं त्याचं यंत्र कानात नीट बसावं म्हणून आधी कानाचा साचा लागतो. दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवायचा, वर गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत "हसू नका, बोलू नका" म्हणत हनुवटीला बोट लावून ठेवायचं, आणि मग हलकेच ओढून काढायचा. बाहेर येतो एक लहानसा गोगलगाईसारखा आकार, त्याला चिकटलेला मळ, केस, आणखी काय काय. लोक ओशाळायचे. "अहो, काही नाही," ती म्हणायची, आणि खरंच काही नसायचं. हे सगळं कुठे गेलं? गेल्या आठवड्यात एका गायनशिक्षकाच्या कानातून साचा काढला आणि तिच्या घशाशी आलं. ती आतल्या खोलीत जाऊन कपाटाचं थंड दार कपाळाला लावून उभी राहिली. मग ते पसरतच गेलं. दुधावरची साय, अंड्यातला पिवळा बलक, मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका, लिफाफ्याचा डिंक चाटणारा माणूस. पायऱ्यांचा कठडा किती हातांनी ओला होऊन वाळला असेल, या विचारानं ती कठड्याला हात लावेनाशी झाली. जग म्हणजे एक मोठं शरीर आहे आणि ते कुठेतरी सतत पाझरतं आहे, असं तिला वाटायला लागलं. आणि या सगळ्यात जास्त वीट कशाचा आला असेल तर तिचा तिलाच. हा माणूस मरणाच्या दारातून परत आला. देवापुढे हात जोडून हेच तर मागितलं होतं. तेव्हा देवाला अशी अट घातली नव्हती की परत दे, पण वास नको.

बेट नको, असं तिनं सांगून पाहिलं होतं. ते डोंगराचं आहे, चढ फार, त्यापेक्षा एखादा सपाट किनारा बघू. तो ऐकेना. मग तिनं दुसरी वाट काढली. तिनं नणंदेला बोलावलं. नणंद म्हणजे घरातली मॅनेजरबाई. कुणाचं लग्न असो, घर बदलणं असो, इस्पितळातली पाळी असो, ही कंबर कसून हजर. 'दवाखान्यात रजा मिळत नाही, तर माझ्याऐवजी तुम्ही बहीणभाऊ जाऊन या,' असं ती आज म्हणणार होती. रजा मिळाली होती. साहेबांनी आपणहून विचारून दिली होती. पण एक आठवडा, फक्त एक आठवडा घर रिकामं असेल, खिडक्या उघड्या असतील, आणि कुणी काही विचारणार नाही. त्या आठवड्याची ती जीव टाकून वाट पाहत होती. आणि आतून हेही तिला ठाऊक होतं, की या आठवड्यानंतर ती दिवाणावरून पुन्हा उठून आत जायची नाही. कुणी भांडणार नाही, कुणी बोलणार नाही. दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखे म्हातारे होतील.

मॅनेजरबाई आली ती हातात रंगीत पुस्तिकांचा गठ्ठा घेऊनच. बसल्या बसल्या तिनं बोटाला थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक ओला ठिपका उमटत होता, आणि समोर बसलेली वहिनी त्या ठिपक्यांकडे बघत बसली.

"दादा, हे बघ. हा कसा शहाण्यासारखा किनारा. पांढरी वाळू, झाडाखाली खुर्ची, खुर्चीत तू. हालचाल नाही की काही नाही."

"आणि मी काय तिथे वाळत घालायचा टॉवेल आहे?"

"बघ वहिनी, बोलतो कसा! इस्पितळात किती गरीब होता. नळ्या लावलेल्या असताना एक शब्द उलट नाही."

"नळी तोंडात होती तेव्हा," नवरा म्हणाला.

"आणि हा काय डोंगर निवडलाय? काळाकुट्ट. वर धूर. अरे, सुटीला जातोयस की शिक्षा भोगायला?"

ती हसली. हसायच्या जागा तिला बरोबर कळत होत्या. बहीणभावांचं असं चाललेलं असताना तिला उगीचच खूप जुनी एक बस आठवली. लग्नानंतरचा पहिला प्रवास, वळणावळणाचा डोंगररस्ता, खिडकी जाम झालेली. अंगावर नवे कपडे, आणि पोटात डुचमळायला लागलेलं. तोंडानं सांगायलाही सवड मिळाली नाही. शेजारच्या या माणसानं, ज्याला ती धड ओळखतही नव्हती, दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडापुढे धरली. कपडे वाचले. बस थांबेपर्यंत तो ती भरलेली ओंजळ तशीच सांभाळत बसून राहिला, वळणावर हात इकडे तिकडे तोलत, आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिल्यावर म्हणाला, "प्रसाद नाही हो, मिळणार नाही." मेल्याहून मेल्यासारखी झालेली ती हसू लागली होती. आज तीच ओंजळ टेबलावर होती, बोटं जरा बारीक झालेली, नखं नीट कापलेली. तिनं त्या हातांकडे बघितलं, आणि त्या हातांनी तो रोज काय पुसतो, काय धुतो, हे मनात आलं, आणि तिनं बिस्किटाची बशी आपल्याकडे ओढून घेतली. त्यानं ते पाहिलं का? त्यानं लॅपटॉपचा पडदा पुसायला घेतला होता. स्वच्छ असलेला पडदा तो पुसत होता.

"मी आणखी चहा टाकते," ती उठली. रजेचं आता सांगावं की चहा झाल्यावर? चहा झाल्यावर.

स्वयंपाकघरात ती गॅससमोर उभी राहिली. पाण्याच्या तळाशी बुडबुडे धरत होते. दिवाणखान्यात नवऱ्यानं फोन लावला होता. ऐकू यावं म्हणून तो नेहमी फोन मोठ्यानं ठेवायचा. पलीकडे बेटावरची कुणी घरमालकीण होती. ती घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायची. आवाज वयस्क, खणखणीत, आणि बोलणं एकदम घरोब्याचं.

"खोली आहे हो. पण आधीच सांगून ठेवते, नंतर भांडण नको. आमच्याकडे वास असतो."

"कसला वास?" नवऱ्यानं विचारलं. पण कसला, हे त्याला माहीत असल्यासारखं विचारलं.

"डोंगराचा. परसातूनच वाफ निघते ना. नासलेल्या अंड्यांसारखा. आम्हाला काही कळत नाही, जन्म गेला. पण पाहुणे नाकाला रुमाल लावून येतात आणि दुसऱ्या दिवशी पळतात. तुम्हाला मी समुद्राकडची खोली देते. तिथे वारा असतो, जरा कमी येतो."

"वाफेकडची नाही का?"

"आहे. पण ती कुणी घेत नाही."

"तिथे रात्री खिडक्या लावल्या तरी येतो?"

"येतो म्हणजे? गाद्यांना येतो, पडद्यांना येतो. कपडे घरी नेऊन धुतले तरी येतो. कुणाला कुणाचा वास कळायचा नाही, एवढा येतो!" घरमालकीण आपल्याच बोलण्यावर खळखळून हसली.

"मग तीच द्या," नवरा म्हणाला. "वाफेकडचीच द्या मला."

"अरे दादा, वेड लागलंय का तुला?" नणंद ओरडली. पलीकडची बाईही म्हणाली, एकदा घरच्यांना विचारा, उद्या कळवा.

पाणी उकळायला लागलं होतं. तिनं गॅस बंद केला. चहा टाकलाच नाही. एकेक गोष्ट येऊन तिच्यापुढे उभी राहिली, कुणी हाक न मारता. सपाट किनारा नको म्हणाला. थंड हवेचं ठिकाण नको म्हणाला. सगळा नकाशा पालथा घालून त्यानं असं एक गाव शोधून काढलं, जिथे आधीच इतकी घाण येते की त्याची त्यात मोजली जाणार नाही. कितीतरी दिवस दाढी करताना, जेवताना तो जे आनंदानं सांगत होता, ते हे होतं. ओट्याचा ओला, गार काठ तिनं धरला. काठ बुळबुळीत होता. तिनं सोडला नाही.

बाहेर नणंदेचा फोन वाजला, आणि ती कुणाला तरी झापत गॅलरीत गेली. मग ही स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आली. नवरा पडद्यावरचं भोक बघत होता.

"म्हणून तो डोंगर?"

"कशाबद्दल म्हणतेस?"

"उगीच काहीतरी आणू नका हं मनात. मला कुठे काही वास येतो तुमचा? छे! मला तर…"

"नको," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. "तो चेहरा नको करूस."

"कसला चेहरा?"

"कानवाला." त्यानं लॅपटॉप मिटला. "तुला वाटतं मला कळत नाही. एकदा मी तुझ्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो, तुझी सुट्टी व्हायची होती. एका म्हाताऱ्याचा कान वाहत होता. बाकावर बसवत नव्हतं मला, इतका वास. आणि तू त्याच्यावर वाकलेली, चेहरा कसा? गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखा. मला वाटलं, काय बाई आहे, साक्षात दया! आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर गटाराशी जाऊन थूथू थुंकलीस. मला म्हणालीस, मेल्यानं कान कधी धुतला होता देव जाणे. तेव्हा मी शिकलो. हा चेहरा आला की समजायचं, आत ढवळून निघालंय."

ती लोकांना वाटणारी लाज झाकायला तो चेहरा वापरायची. तिला तो तिचा चांगुलपणा वाटायचा. घरी आणला तोही चांगुलपणा म्हणूनच.

"घरी तुझा चेहरा कधी सरळ नसायचा," तो म्हणाला. "दूध नासलं तरी घर डोक्यावर घ्यायचीस. माझे मोजे चिमटीत धरून गल्लीला दाखवायचीस. पण ऑपरेशन झाल्यापासून एकदा नाक मुरडलं नाहीस. मी घरात शिरलो की तुझ्या तोंडावर इस्त्री. बाहेरच्यांचं मी समजू शकतो. परवा कामावर गेलो, एका इमारतीची लिफ्ट तपासायला, तर आतल्या दोघांनी रुमाल काढले. मी मधल्याच मजल्यावर उतरलो, जिन्यानं खाली आलो. वाईट वाटलं, पण ते सरळ होतं. वास आला, नाक झाकलं. तुझ्याकडे काय करायचं तेच कळत नाही मला. म्हटलं, अशा जागी जाऊ जिथे सगळेच नाक मुरडतात. तुलाही मुरडता येईल. डोंगराच्या नावावर."

गॅलरीतून नणंदेचा आवाज येत होता, "अरे पण मी सांगितलं होतं ना, की मग?" समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. ती खुर्चीचा दांडा धरून उभी होती. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि जे म्हणावं ते सगळं गोड लागत होतं, गोड आणि चिकट. आणि त्याच वेळी त्याच्या शर्टाच्या आत आवाज झाला. फुर्र. एक लहान, मग एक लांब. या नव्या दाराला काही धरबंध नव्हता, त्याला मनानं आवरता येत नव्हतं. त्याचा हात झटकन पोटावर गेला. आणि वास आला. जड, कोमट, आतला. तिच्या जिभेच्या मुळाशी लाळ सुटली. कपाळ सैल पडू लागलं, गालांवरून कुणीतरी हात फिरवावा तशी घडी घडी सरळ होऊ लागली. तिला पहिल्यांदाच ते आतून कळलं, हे कसं येतं ते. आणि तिनं ते येऊ दिलं नाही. थांबवणं फार कठीण होतं. ढकलत्या गर्दीत उलट्या दिशेनं चालावं तसं. नाक आवळलं गेलं, ओठ वाकडे झाले, भुवया एकमेकींवर चढल्या, आणि तोंडातून निघालं:

"शी! शी शी शी! काय हो हे! काय खाल्लंत तरी काय?"

तो बघतच राहिला. त्याचे डोळे आधी एकदम ओले झाले, आणि मग तो हसू लागला, पोट दोन्ही हातांनी दाबून धरत, कारण टाके अजून ओढ घ्यायचे. "कोबी," तो म्हणाला. "सिस्टरनं सांगितलं होतं, खाऊ नका."

"मग कशाला खाल्लात!"

"तू केला होतास."

"मी तुमच्यापुढे विष ठेवलं असतं तर तेही खाल्लं असतंत का?"

"न बोलता. तूही न बोलता वाढलं असतंस."

फोन बंद करत नणंद आत आली. उंबऱ्यावरच तिचं पाऊल जरा थबकलं. मग तिच्या कपाळावरची आठी विरली, गाल सपाट झाले, आणि चेहऱ्यावर एक शांत, सोज्वळ भाव पसरला.

"काय चाललंय एवढं हसायला?"

"वास येतोय," तो म्हणाला.

"कसला? मला नाही बाई काही येत."

नवराबायकोंनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग दोघांना काही आवरेना. तो टेबलावर डोकं टेकून हसत होता. ती खुर्चीत कोसळली होती, हसत होती आणि हसता हसता तिला खरोखर उमासेही येत होते, दोन्ही एकदम. नणंद दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"येतोय हो मॅनेजरबाई," ती डोळे पुसत म्हणाली. "चांगला दणदणीत येतोय. मुरडा नाक. मुरडा, काही होत नाही."

नणंदेनं भावाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मग तिनं हळूच, आधी एका बाजूनं, मग पुरतं नाक आक्रसलं. "दादा… येतोय रे. थोडा."

"थोडा?"

"बराच. उघडा की मेल्यांनो कुणीतरी ते दार! केव्हाची श्वास धरून उभी आहे मी." आणि पदार्थ जळल्यासारखा हात तोंडापुढे हलवत ती खुर्चीवर बसली. "आणि हा म्हणे आणखी वासाच्या गावाला जाणार. वहिनी, तू मला कशाला बोलावलं होतंस ते तरी सांग. काहीतरी विचारायचंय म्हणालीस."

रजेचं वाक्य अजून तिच्याजवळ होतं, घासूनपुसून ठेवलेलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. त्याचाही वास येत होता.

"विचारायचं काही नाही," ती म्हणाली. "आम्ही नसताना घराची किल्ली ठेवा, एवढंच."

नवरा उठला. पिशवी बदलायला त्याला न्हाणीघरात जायचं होतं. जाताना तो नेहमी भिंतीच्या कडेकडेनं, कुणाच्या वाटेत न येता जायचा. तो दारापर्यंत पोचला तेव्हा तीही उठली.

"थांबा. मी येते. मला दाखवा कसं करतात ते. तिकडे परमुलखात तुम्हाला काही झालं तर मी काय त्या घरमालकिणीला हाक मारू?"

"नको. तुला ओकारी येईल."

"येईल. मला दिसतंय की येईल."

"मग?"

"मग काय? येईल."

तो बाजूला झाला. आतला दिवा लागला. दोन बोटांच्या चिमटीत नाक घट्ट धरून, तोंड वाकडं करून, ती त्याच्या मागोमाग आत गेली.